गोष्टीची पुस्तकं, दोनशे नग

प्रति,
बीड, लातूर, परभणी आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, गुरुजी-बाई आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांची संचालक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईत माझं पुस्तकाचं दुकान आहे. तुमच्यातले निम्मे लोक मला ओळखतात. उरलेले निदान माझं बिलबुक ओळखतात. मार्च लागला की आपली भेट ठरलेली. त्या भेटीबद्दलच लिहायचं आहे. एकेकाला गाठून बोलायचं तर चहा होतो, विषय राहून जातो, म्हणून हे खुलं पत्र.

गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका शाळेचे क्लार्क दुकानात आले. हातात वहीचं अर्धं पान. त्यावर खडूच्या पेट्या, हजेरीपट, डस्टर, महाराष्ट्राचा नकाशा, आणि सगळ्यात खाली ‘गोष्टीची पुस्तकं – २०० नग’. मी विचारलं, कितवीच्या लेकरांसाठी? ते म्हणाले, “तुम्हीच टाका की ओ. बारीक असू द्या, रकमेत बसली पाहिजेत. अन् सूट किती धरता तेवढं बोला.”

मी टाकली. बत्तीस पानी अकबर-बिरबल, चोवीस पानी इसापनीती, तेनालीराम, थोरामोठ्यांची चरित्रं, एकाच छापखान्यातून निघालेली, एकाच चित्रकारानं एकाच दुपारी काढल्यासारखी चित्रं असलेली. चार गठ्ठे झाले. सुतळीनं बांधले. तीन कोटेशनं जोडली. त्यातली दुसरी दोन कुठून आली ते तुम्हीही विचारू नका आणि मीही सांगत नाही. एकतीस मार्चच्या आत बिल निघालं. सगळे खूश.

जुलैत वह्यांची ऑर्डर पोचवायला त्याच शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात चारही गठ्ठे होते. सुतळी तशीच. गाठ माझीच होती, मी मारतो तशी, दुहेरी, शेपूट आत खोचलेली.

तेव्हा हे पत्र तक्रारीचं नाही. तक्रार करायला मी बाहेरचा माणूस असावा लागतो. एकवीस वर्षं मीच हा माल पुरवत आलोय.

आता धंद्यातली एक गोष्ट उघड करतो, माझे भाऊबंद रागावतील. साठ टक्के सूट मिळणारं पुस्तक स्वस्त नसतं. त्याची छापील किंमतच सूट धरून फुगवलेली असते. वीस रुपयांचा ऐवज, वर शंभराचा शिक्का, मग साठ टक्के सोडून चाळिसाला तुमच्या गळ्यात. ज्या प्रकाशकानं लेखकाला मानधन दिलं, चित्रकाराला दिलं, कागद बरा वापरला, तो मला पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर देत नाही. त्यातलं पुण्याहून पार्सलचं भाडं वजा जाता मी तुम्हाला फार तर पंधरा टक्के देऊ शकतो. म्हणजे ‘सूट किती’ एवढाच प्रश्न विचारला, की चांगलं पुस्तक पहिल्याच फेरीत बाद होतं. वाचनालयांचंही तेच. वाचनालयाचा वर्ग, म्हणजे दर्जा, वाढवायचा तर दाखलनोंद वहीत आकडा दिसला पाहिजे, आकडा वाढवायचा तर पुस्तक बारीक पाहिजे. तपासणीला येणारा माणूस पुस्तकं मोजतो. उघडून बघायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

कायदा मात्र आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेत काय काय असावं त्याची जंत्री आहे. तिथं ग्रंथालयाच्या पुढं वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं एवढ्यावर न थांबता ‘गोष्टीची पुस्तकं’ असं वेगळं लिहिलंय. संसदेत बसून कुणीतरी ते दोन शब्द घालायला लावले. कोण होतं ते ठाऊक असतं तर त्याला एक पोस्टकार्ड टाकलं असतं.

आता त्या पोरीचं सांगतो, कारण या पत्राचं निमित्त ती आहे.

दसऱ्यानंतरचे दिवस. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात. आमच्या भागात हे दिवस कसे असतात तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आलेली असते, बाजारात पत्र्याच्या पेट्या, घमेली, पोरांना स्वेटर यांची खरेदी चालते. एक बाप पोरीला घेऊन आला, वह्या घ्यायला. आठवीतली पोर. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिला कारखान्यावर नेणार होते, हंगामी वसतिगृहात ठेवणार नव्हते. बाप म्हणाला, तिथं राहून लिहील काहीतरी. त्याच्या परीनं तो शिक्षणाचीच सोय बघत होता.

बाप समोर पंक्चर काढायला गेला. गल्ल्यावर मी वाचत असलेलं पुस्तक पालथं पडलं होतं, ल. म. कडूंचं ‘खारीचा वाटा’. धरणाखाली जाणाऱ्या गावाची कादंबरी आहे, पोराच्या नजरेनं सांगितलेली. २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेली. तिनं ते उचललं आणि उभ्यानं वाचायला लागली. पंक्चर निघालं, बाप आला, तरी मान वर नाही. मग मला विचारते, “काका, ह्यातलं गाव खरंच बुडालंय का ओ?”

म्हटलं, अशी लई गावं बुडाली. ती म्हणाली, “आमच्या आजीचं बी गेलंय की. धनेगावच्या धरणात.”

मी पुस्तक तिला दिलं. विकलं नाही, दिलं. आणून दे म्हटलं. खरं सांगायचं तर ते गेलं असंच धरून चाललो होतो.

चैत्रात आणून दिलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कानडी वर्तमानपत्राचं. त्यावरून टोळी कुठं होती ते कळलं. कडा काळ्या झालेल्या, मधल्या दोन पानांवर तेलाचा डाग, आणि एकशे काहीतरी पानावर खुणेला वाळकी पाचटाची पात. म्हणाली, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, रातच्याला वाचून दाखवायचे. आधी भाऊ ऐकायचा, मग शेजारच्या कोपीतल्या दोघी यायला लागल्या. एका बाईनं तिला दोनदा तेच प्रकरण वाचायला लावलं. का, तर तिचं माहेर धरणात गेलेलं.

मग तिनं विचारलं, “असंच दुसरं हाय का? ऊसतोडीवरचं?”

माझ्या दुकानात नव्हतं. दुकानात पुढं गाईडं आहेत, मग नवोदय, स्कॉलरशिप, पोलीस भरती, मग लातूर पॅटर्नची जाडजूड पुस्तकं. लेकरांच्या गोष्टींना आत जिन्याखाली हातभर फळी. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, त्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानाची ही कथा. त्या दिवसापासून मी ती फळी हलवली. गाईडं आत, गोष्टी पुढं. बायको म्हणाली, दिवाळं काढताय. अजून निघालं नाही.

फळी भरायची तर आधी स्वतः वाचणं आलं. गेलं वर्षभर दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसताना, मी लेकरांची पुस्तकं वाचतोय. छप्पन्नाव्या वर्षी. त्यातनं जे निवडलं ते तुमच्यापुढं ठेवतो. हे माझं मत आहे, समितीचा अहवाल नाही.

एक अडचण आधीच सांगतो. ‘नवीन काय आलंय?’ असं विचारणारे थोडे आणि ‘फास्टर फेणे आहे का, गोट्या आहे का’ विचारणारे जास्त. त्या पुस्तकांना मी नावं ठेवत नाही, मीही त्यांच्यावरच वाढलो. पण आपण लेकरांसाठी पुस्तक घेतो तेव्हा खरं तर आपल्या लहानपणासाठी घेतो. गुरुजींना आठवतं ते पुस्तक शाळेत येतं, आणि गुरुजींना आठवणारं पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं असतं. बालवाङ्मय त्यानंतरही लिहिलं गेलंय. साहित्य अकादमी २०१० पासून दरवर्षी मराठीतल्या एका बालसाहित्याच्या पुस्तकाला किंवा लेखकाला वेगळा पुरस्कार देते. नुसती ती यादी समोर धरली तरी निम्मं कपाट भरेल. पुरस्कार म्हणजे सोनं असं नाही, त्यातलीही काही पुस्तकं माझ्या फळीवर धूळ खातात. पण सुरुवातीला वाट दाखवायला बरी.

अगदी लहानांपासून सुरू करू. ज्यांना अजून अक्षर जुळवता येत नाही त्यांच्यासाठी माधुरी पुरंदरे. यश आणि राधा यांची पुस्तकं ज्या शाळेत नाहीत त्या शाळेनं बाकी काही घेऊ नये, आधी ती घ्यावीत. बाई लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळं शब्दात नसलेलं चित्रात सापडतं. आमच्या शेजारचं चार वर्षांचं पोरगं एका पानावर पाच मिनिटं थांबलं होतं. मी डोकावलो तर गोष्टीशी काही संबंध नसलेल्या मांजराकडं बघत होतं. या पुस्तकांत कुणी कुणाला उपदेश करत नाही. हात मोडतो, मामाच्या गावाला जातात, शाळेत जायचं नसतं, एवढंच घडतं. ‘मग यातून शिकायचं काय?’ असं एका गुरुजींनी मला विचारलं. मी म्हटलं, पान उलटायचं.

नऊ ते बारा या वयासाठी जास्त बोलतो, कारण मूल वाचक होतं किंवा कायमचं सुटतं ते याच तीन-चार वर्षांत. या वयाला भीती लागते, पाठलाग लागतो, कोडं लागतं. भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ या वर्षभरात माझ्याकडून सगळ्यात जास्त गेलं. २०२४ चा अकादमी पुरस्कार त्याला आहे, पण पोरं ते पुरस्कारासाठी नेत नाहीत, नावातल्या भूतबंगल्यासाठी नेतात. एका पोरानं दुकानात येऊन फक्त नाव वाचलं आणि बापाच्या शर्टाचं टोक धरून बसला. आणखी एक सांगून ठेवतो: सासणे आपल्याच जालन्यात जन्मलेले, आणि २०२२ साली उदगीरला ९५ वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष. त्या संमेलनाला तुमच्यातले कितीतरी जण गाड्या करून गेला होतात. अध्यक्षांसोबत फोटो काढलेत. त्यांचं लेकरांसाठीचं पुस्तक तुमच्या कपाटात आहे का, एवढं बघा.

सलीम मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९ चा पुरस्कार) जंगलाच्या ओढीनं वाचलं जातं. आपल्याकडं जंगल म्हणजे येडशी, किनवट, नाहीतर गुगलवरचं चित्र. पण बालाघाटच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या पोरांना झाडापाल्याची माहिती शहरातल्यांपेक्षा दहापट असते, आणि ती माहिती पुस्तकात मानाची ठरलेली बघून त्यांची मान जरा ताठ होते. हे मी एका शाळेत डोळ्यानं बघितलंय. मागच्या बाकावरचा एक पोरगा, वर्षभर तोंड न उघडलेला, एका झाडाच्या नावावरनं बाईंशी वाद घालायला उठला.

संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२) मुलींनी फार नेली. एक मुलगी वहीत आपल्या मनातलं लिहिते, एवढंच निमित्त. मी हे पुस्तक विकताना सोबत एक शंभर पानी कोरी वही फुकट देतो. त्यातल्या दोघींनी वही भरवली, हे त्यांच्या आयांकडून कळलं. वही दाखवली नाही त्यांनी, आणि मी मागितलीही नाही.

गुप्तहेराच्या गोष्टींची भूक असलेल्यांना सत्यजित राय यांचा फेलूदा द्या. अशोक जैन यांनी ते मराठीत आणलेत, आणि इतक्या सरळ मराठीत की कलकत्त्याची ट्राम कन्नड घाटातनं आल्यासारखी वाटते. ही बारीक-बारीक पुस्तकं आहेत. बारीकच हवं असेल तर ही घ्या ना.

कविता हा माझ्या पत्राचा विषय नाही, तरी एक सोडवत नाही. २०२५ चा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. मराठवाड्यात पेढे वाटण्यासारखी बातमी. अभिनंदनाचे फ्लेक्स मी बघितले. माझ्या बिलबुकात मात्र त्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत, आणि तिन्ही नेणारे पालक होते. शाळा एकही नाही. नांदेडमध्येच जन्मलेल्या कविता महाजन यांचं ‘जोयानाचे रंग’ही असंच राहून गेलेलं. आपल्या मातीतलं, आपल्या मातीतलं म्हणून आपण भाषणात टाळ्या घेतो.

आता मोठी पोरं. आठवी ते बारावी. इथं खरी पंचाईत आहे. ‘कुमार कादंबरी’ असं कव्हरवर छापलेलं पुस्तक पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात दिलं की तो ते माझ्याच टेबलावर परत ठेवतो. त्याला कळतं की हे आपल्याला लहान समजून लिहिलंय. या वयासाठी मराठीत नवीन फार थोडं येतं, त्यामुळं जुन्यातलं द्यावं लागतं. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ ची. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचे दिवस, वर्गातली शिरोडकर. वीस वर्षं झाली, तरी पोरं ही कादंबरी एकमेकांना दप्तरातून देतात. प्रकाश नारायण संत यांच्या कथांतला लंपन नावाचा पोरगा ‘वनवास’पासून भेटतो, त्याची सीमाभागातली कानडी वळणाची मराठी उदगीर-देगलूरकडच्या लेकरांना घरच्यासारखी वाटते, आणि पुण्याच्या लेकरांना अडते. हा एक फायदा आपल्याकडं आहे, तो वापरा.

‘शाळा’चं नाव घेतलं म्हणून एक प्रसंग सांगतो, वाचनालयाचं नाव न घेता. पाच प्रती नेल्या होत्या. आठ दिवसांत पाचही परत. निरोप असा, की यात प्रेमाबिमाचं आहे, आमच्याकडं मुली येतात वाचायला. मी परत घेतल्या, पैसेही दिले. पण त्यातल्या एका प्रतीत, शेवटून तिसऱ्या पानावर, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘संपू नये’. आठ दिवसांत कुणीतरी ती वाचून काढली होती. संचालकांपैकी कुणी असेल तर मी त्यांना शंभर टक्के सूट देतो.

बोधाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याच्या खालोखाल ‘ह्यानं मार्क वाढतात का?’ आणि ‘बोलीभाषेतलं वाचून शुद्धलेखन बिघडत नाही का?’ मार्कांचं मला माहीत नाही. शुद्धलेखन वाचून सुधारतं, हे तुम्ही मला शिकवलंत, मी तुमच्याच हाताखाली शिकलेला आहे. बोधाबद्दल एवढंच, की पोरांना तो शेवटच्या पानावर असतो हे ठाऊक झालंय, म्हणून ती शेवटचं पान वाचत नाहीत. माझ्या भाच्याला विचारा, तो इसापनीती ‘तात्पर्य’ या शब्दापर्यंतच वाचतो.

मोबाईलमुळं पोरं वाचत नाहीत, हे तर आता सुभाषित झालंय. असेलही. पण सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यातलं पुस्तक मोबाईल नसतानाही कुणी वाचलं नव्हतं. आणि मोबाईल हातात आहेच, तर त्याचाही उपयोग करा; हे सांगताना मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत चित्रगोष्टी फुकट आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवलेत. ‘किशोर’ची वर्गणी तर इतकी कमी आहे की त्यावर मला काही सुटत नाही. तरी भरा.

आता जे दुकानात नाही त्याबद्दल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर. स्टेशनवर माणसं गाडीला हार घालत होती. त्या साली जे पोर पहिलीत होतं ते आता दहावी-अकरावीत आहे. रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागर धरलेली त्याला आठवते. मुलांसाठी यावर लिहिलेली एक कादंबरी मला अजून कुणी आणून दिलेली नाही. ऊसतोडीवर, कोपीवर, वसतिगृहात मागं राहिलेल्या पोरांवर, जायकवाडीत उठलेल्या गावांवर, लातूरला खोली करून राहणाऱ्या आणि रात्री अभ्यासिकेत रडणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरांवर, मुलांनीच वाचावी अशी गोष्ट मी शोधतोय. तुमच्यातले कितीतरी गुरुजी लिहिते आहेत. दिवाळी अंकात कविता छापून आली की मला अंक आणून दाखवता. कविता पुरे झाल्या थोड्या. तुमच्या वर्गात जी पोर दसऱ्याला जाते आणि चैत्रात येते तिची दीडशे पानं लिहा. छापायचं कुठं ते मी बघतो. पुण्यातले दोन-तीन प्रकाशक माझा फोन उचलतात. एवढंच, की शेवटी तिला कलेक्टर करू नका.

आता मागणं. मार्चची वाट बघू नका. मी खोकी तयार केली आहेत. एका खोक्यात चाळीस पुस्तकं, वर सांगितलेली आणि आणखी काही. एसटीच्या पार्सलनं किंवा माझ्या मोटारसायकलवरून तुमच्या शाळेत किंवा वाचनालयात येतील. तीन आठवडे ठेवा. पैसे आत्ता नकोत. कपाटात ठेवू नका, कपाट नसलेल्या शाळांत ही पुस्तकं जास्त वाचली जातात असा माझा अनुभव आहे. व्हरांड्यात दोरी बांधून कपड्यासारखी वाळत घातली तरी चालतील. किल्ली, म्हणजे ताबा, सहावी-सातवीतल्या एखाद्या पोराकडं द्या, शक्यतो पहिल्या नंबरच्या नको. त्याला अभ्यास असतो.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरच्या आत मी एक कोरा कागद चिकटवलाय. पुस्तक पूर्ण वाचलं की पोरानं त्यावर एक काडी मारायची. नाव नाही, सही नाही, ‘या पुस्तकातून मी काय शिकलो’ तर अजिबात नाही. अर्ध्यातच सोडलं तर फुली मारायची, त्याची शिक्षा नाही. तीन आठवड्यांनी ज्यांच्यावर पाचाच्या वर काड्या असतील तेवढीच विकत घ्या. बाकी परत. फाटली तर माझी, हरवली तरी माझी. हरवलेलं पुस्तक म्हणजे कुणाला तरी ते इतकं आवडलं, असं मी धरतो. आजवर दोन खोकी फिरली, तीन पुस्तकं हरवली, आणि तिन्ही ‘भूतबंगला’.

कोटेशनला अडचण येईल ते ठाऊक आहे. पंधरा टक्क्यांत मी तीन कोटेशनांत पहिला येत नाही. त्यावर उपाय एकच सुचतो: ठरावात ‘२०० नग’ असं न लिहिता पुस्तकांची नावं लिहा. नाव लिहिलं की त्याच पुस्तकाचं कोटेशन मागावं लागतं, आणि मग कुणीही दिलं तरी चालेल. माझ्याकडूनच घ्या असा माझा हट्ट नाही. लातूरच्या, परभणीच्या दुकानदारांकडून घ्या, पण नाव लिहून घ्या. वाचनालयांनी ठराव करताना संचालक मंडळाच्या बैठकीत एक पोर बसवून घ्यावं. चहा-बिस्किटं असतातच, ते येईल.

खोकं हवं असेल त्यांनी दुकानात निरोप द्यावा. शनिवारी दुपारी मी असतो. येताना एखाद्या लेकराला घेऊन आलात तर त्याला अर्धा तास फळीपाशी सोडा आणि आपण दोघं बाहेर चहा घेऊ. आत डोकावायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पुस्तकविक्रेता
अंबाजोगाई

ता. क. ‘खारीचा वाटा’च्या नव्या प्रती खोक्यात आहेत. पाचटाची पात असलेली ती जुनी प्रत मात्र कुणी मागू नये. दसऱ्यापर्यंत ती गल्ल्याच्या खणात आहे, नंतर कारखान्यावर जाणार आहे. यंदा दुसरी एक टोळी घेऊन जातेय.